बंदूक न उडवण्याचे शिक्षण



बंदूक शिकवणारा म्हटला की आपल्या डोळ्यांपुढे अचूक नेमबाज उभा राहतो. आज मी ज्या शिक्षकाची ओळख करून देणार आहे, त्याचा बहुतेक वेळ बंदूक केव्हा उडवायची नाही, हे शिकवण्यात जातो. तो अमेरिकेतल्या खेड्यापाड्यांत भेटतो, आणि या कामाचा एक पैसाही घेत नाही.

तिकडच्या ग्रामीण भागात शिकारीची बंदूक ही पुष्कळ घरांतली नेहमीची वस्तू. शरद ऋतूत हरणांचा हंगाम सुरू झाला की बापलेक रानात जातात. पण कुठे झुडूप हलले म्हणून बार निघतो, आणि पलीकडे निघतो आपलाच सोबती! अशा अपघातांमुळे १९४९ साली न्यूयॉर्क राज्याने तरुण शिकाऱ्यांना परवान्यापूर्वी सुरक्षिततेचे शिक्षण सक्तीचे केले. पुढे इतर राज्यांनी तोच मार्ग धरला. आज तिथल्या सर्व ५० राज्यांत असे वर्ग चालतात.

हे वर्ग चालवतो कोण? कुणी शेतकरी, कुणी शाळामास्तर, कुणी सैन्यातून परतलेला. राज्याचे वन्यजीव खाते त्यांना आधी शिकवते, मग वर्ग सोपवते. काहींची वीस-वीस, तीस-तीस वर्षे या कामात जातात. काल ज्याला शिकवले, त्याचाच मुलगा आज समोर बसलेला असतो.

तो शिकवतो काय? नियम चारच. प्रत्येक बंदूक भरलेलीच आहे असे समजा. नळी कधीही माणसाकडे वळू देऊ नका. नेम ठरेपर्यंत चापावर बोट ठेवू नका. आणि निशाण कोणते, त्याच्या मागे काय आहे, हे ओळखल्याशिवाय बार काढू नका. हा चौथा नियम का, ते पाहा. लहानशा ‘पॉइंट टू टू’ रायफलीची गोळीसुद्धा सव्वा मैलापर्यंत, म्हणजे सुमारे दोन किलोमीटर जाऊ शकते. तेवढ्यात एखादी वस्ती असते, शाळेची वाट असते.

ऐकायला सोपे आहे, नाही का? म्हणूनच तर शिक्षक पोरांना माळावर नेतो. तारेचे कुंपण आले. आता काय कराल? काडतुसे काढा, बंदूक उघडी करा, नळी पलीकडे करून ती तारेखालून जमिनीवर सरकवा. मग बाजूला होऊन कुंपण ओलांडा, आणि मागून येऊन बंदूक दस्त्याकडून उचला. कुणी हातात बंदूक दिली आणि म्हणाला, “रिकामी आहे हं,” तरी स्वतः उघडून पाहा. देणाऱ्याने तुमच्यादेखत पाहिली असेल तरीही पाहा. पुष्कळ घरांतला घात या ‘रिकाम्या’ बंदुकीनेच केलेला आहे.

खरी कसोटी शिक्षकाची असते. एखादा मुलगा लेखी परीक्षेत सगळी उत्तरे बरोबर लिहितो, पण मैदानात वळताना त्याची नळी सोबत्याच्या छातीवरून फिरते. मुलगा शेजाऱ्याचा. हंगाम तोंडावर आलेला. बाप फाटकापाशी वाट पाहतो आहे. तरीही शिक्षकाला म्हणावे लागते, “यंदा नाही, पुन्हा ये.” पगारी माणूस हे सांगून आपल्या गावी निघून जाईल. याला मात्र उद्या त्याच दुकानात, त्याच प्रार्थनागृहात त्या बापाला भेटायचे असते. पण त्या शब्दाला वजन येते तेही यामुळेच. आपला माणूस आपल्या पोराच्या जिवासाठी वाईटपणा घेतो आहे, हे बापालाही आज ना उद्या उमगते.

या विनावेतन कामाची एक गंमत ऐका. अमेरिकेत १९३७ च्या कायद्याने बंदुका आणि दारूगोळ्यावरच्या कराचा पैसा वन्यजीवांसाठी राज्यांना मिळू लागला. १९७० पासून त्यातला काही भाग या शिक्षणालाही देता येतो. राज्याने आपला चौथा हिस्सा घालायचा असतो, आणि स्वयंसेवकाने दिलेले तास या हिश्शात धरता येतात. म्हणजे ज्याचा मोबदला तो घेत नाही, त्याची किंमत सरकारी वहीत मांडलेली असते!

आपल्याकडे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर शिकारीचा छंद उरलेला नाही. पण कोकणात पिकाच्या राखणीसाठी परवान्याच्या बंदुका आहेत, आणि त्या घरांत मुलेही आहेत. बंदूक कुलपात, काडतुसे वेगळ्या कुलपात, एवढे तर आजच होऊ शकते. आणि गुरुजींनी वर्गात एकच सांगावे: बंदूक दिसली तर हात लावू नका, तिथून दूर व्हा, मोठ्या माणसाला सांगा. आठवडाभर रोज सांगावे. पोरांच्या तोंडी बसले, तरी पुढच्या महिन्यात पुन्हा सांगावे.