गुणगुणणारे बेडूक

बेडकाच्या आवाजासाठी मराठीने ‘डराव’ हा एकच शब्द पक्का केल्यामुळे सगळे बेडूक एकाच सुरात ओरडतात असा समज सहज होतो. वास्तविक हा शब्द शोभतो तो शेताबांधावरच्या मोठ्या बेडकाला, ज्याचा नर पहिल्या पावसात पिवळाधमक होतो आणि गळ्याच्या दोन्ही बाजूंना निळे फुगे फुगवून साद घालतो. बाकीच्या जातींपैकी कोणी किरकिरते, कोणी कुरकुरते आणि काहींचा आवाज तर चक्क भुंग्याच्या गुंजारवासारखा भासतो. ऑस्ट्रेलियाच्या नैर्ऋत्य भागात ‘गुणगुणणारा बेडूक’ याच नावाने ओळखली जाणारी निओबॅट्रॅकस पेलोबॅटॉइडीस ही जात आहे. ती स्वतःला जमिनीत पुरून घेऊन कोरडा काळ काढते आणि पाऊस झाला की तात्पुरत्या साचलेल्या पाण्यात येऊन गुणगुणते. तिच्या प्रजातीतल्या इतर जाती दिसायला इतक्या सारख्या आहेत की त्या ओळखताना आवाजाचा मोठाच आधार होतो.

ही गुणगुण निर्माण कशी होते, हे समजून घेण्याजोगे आहे. नर बेडूक तोंड व नाकपुड्या मिटून घेतो, फुप्फुसातली हवा कंठातल्या स्वररज्जूंवरून पुढे ढकलतो आणि ती हवा गळ्याखालच्या पातळ कातडीच्या पिशवीत, म्हणजे स्वरकोशात, भरली की पुन्हा फुप्फुसात परत घेतो. त्यामुळे तीच हवा पुनःपुन्हा वापरता येते आणि ताणलेली पिशवी आवाज चहूकडे पसरवते. अशी एक साद पुष्कळदा अनेक सुट्या ठोक्यांची बनलेली असते, ज्यांना स्पंद म्हणतात. स्पंद सावकाश पडले तर माणसाला टकटक किंवा किरकिर ऐकू येते, पण ते सेकंदाला वीसेकांहून अधिक झाले की कान त्यांना वेगळे करू शकत नाही आणि तोच आवाज सलग घोगरा गुंजारव वाटू लागतो. मादीच्या कानाला मात्र या वेगाचेच महत्त्व असते, कारण आपल्या जातीचा नर कोणता हे तिला अंधारात पुष्कळदा त्यावरून उमगते.

मुंबईच्या उपनगरांतही अशा आवाजाचे कलावंत आहेत. काळपट ठिपक्यांचा, खरबरीत कातडीचा भेक, ज्याला बहुतेक घरांत नुसता बेडूकच म्हणतात, तो लांबलचक ‘कुर्रर्र’ असा कंप काढतो आणि त्याची मादी पाण्यात मण्यांच्या माळेसारखी अंड्यांची दुहेरी दोरी सोडते. याहून लक्षवेधी आहे तो मायक्रोहायला ऑर्नाटा हा अरुंद तोंडाचा बेडूक. अंगठ्याच्या पेराएवढा हा जीव गवताच्या बुडाशी पाण्यात अर्धवट बुडून बसतो, पाठीवर गडद नक्षी असूनही दिसत नाही, आणि गळा फुगवला की तो फुगा त्याच्या डोक्याहूनही मोठा होतो. कानाजवळच कर्कश खरखर ऐकू यावी आणि विजेरीच्या उजेडात मात्र नुसते गवतच दिसावे, असा अनुभव बेडूक शोधणाऱ्या प्रत्येकाला येतो. त्याचे भैकेर, म्हणजे बेडकाची पिल्ले, काचेसारखे पारदर्शक असतात व पाण्यातले सूक्ष्म कण गाळून खातात. १८४१ मध्ये मलबारच्या नमुन्यांवरून या जातीचे वर्णन झाले. पुढे दीडशेहून अधिक वर्षे तिच्या नावाखाली मोडणाऱ्या बेडकांमधून २०१५ मध्ये बांगलादेशातल्या निलफामारीच्या नावाची एक जात वेगळी काढण्यात आली. इतक्या परिचित प्राण्याबाबतही केवढे ऐकायचे राहून गेले होते, हे यावरून दिसते. कोकणात आढळणारा फुग्यासारखा गोल युपेरोडॉन ग्लोब्युलोसस मागच्या पायांवरच्या फावड्यासारख्या उंचवट्यांनी उलटा जमिनीत शिरतो, वाळवी व मुंग्या खातो आणि वर्षातले मोजके दिवसच वर येऊन गातो.

मुंबईच्या पश्चिम उपनगरातल्या मढ या किनारी भागात बेडकांना गाण्याजोगी जागा मिळण्याचा प्रश्न अधिक नाजूक आहे. पश्चिमेला समुद्र, पूर्वेला खाडी आणि कांदळवन अशा या चिंचोळ्या भूभागावर खारे पाणी मुबलक आहे, पण बेडकाच्या सच्छिद्र कातडीतून मिठाच्या पाण्यात शरीरातले पाणी बाहेर ओढले जात असल्यामुळे त्याला ते मारक ठरते. त्याला हवे असते ते निव्वळ पावसाचे पाणी: बांधाआडचा खोलगट तुकडा, जुन्या विहिरीभोवतीची चिखलट जागा, रस्त्याकडेचे डबके. उथळ डबके काही आठवड्यांत आटत असल्यामुळे त्यात मासे टिकत नाहीत आणि भैकेरांना शत्रू कमी असतात, हीच त्याची खरी किंमत. तेच डबके मात्र लोकांना पडीक जागा वाटते, त्यात बांधकामाचा राडारोडा टाकला जातो आणि पुढच्या जूनमध्ये तेथे आवाज उठत नाही. एवढी मोठी हानी इतक्या निःशब्दपणे होते, हे फार दुःखद आहे.

मढमध्ये १ जूनपासून दोन महिने यांत्रिक होड्यांची मासेमारी बंद असते, होड्या किनाऱ्यावर ओढलेल्या असतात आणि त्याच काळात उरलेली डबकी रात्रभर गात असतात. नारळी पौर्णिमेच्या सुमारास होड्या पुन्हा दर्यावर जातात, तेव्हा भैकेरांना पाय फुटलेले असतात, शेपटी आखडलेली असते आणि नखाएवढे नवे बेडूक पाण्याच्या काठावरच्या ओल्या गवतात शिरू लागलेले असतात.