शिस्त खात्याची, चौकशी स्वतंत्र



आपल्या समाजाचा आणि पोलीस ठाण्याचा संबंध जुना आहे. परंतु तो बहुधा भीतीचा संबंध आहे. गावात कोणी मारहाण केली तर फिर्याद देण्यासाठी ठाण्याचीच पायरी चढावी लागते. मात्र अन्याय ठाण्यातच झाला तर दाद कोठे मागावी, हे पुष्कळांस ठाऊक नसते. म्हणून आज दोन प्रश्न तुमच्यापुढे मांडतो. पोलिसास शिस्त लावण्याची जबाबदारी कोणाची? आणि ती जबाबदारी पार पाडली जाते की नाही, हे पाहण्याचा अधिकार कोणाचा?

पहिल्या प्रश्नाचे उत्तर सरळ आहे. ती जबाबदारी खात्याची, म्हणजेच वरिष्ठ अधिकाऱ्यांची आहे. १९५१ च्या मुंबई पोलीस कायद्याचे, ज्याला आज महाराष्ट्र पोलीस कायदा म्हणतात, २५ वे कलम पाहा. कर्तव्यात कसूर करणाऱ्या शिपायास व अंमलदारास खात्यामार्फत शिक्षा देण्याचा अधिकार त्यात सांगितला आहे. शिवाय नेमणूक करणाऱ्या अधिकाऱ्याहून खालच्या दर्जाच्या अधिकाऱ्यास सरकारी नोकर बडतर्फ करता येत नाही, असे संविधानाचे ३११ वे कलम सांगते. तेव्हा बाहेरचा कोणी कितीही मोठा असला, तरी बडतर्फीचा हुकूम अखेर खात्याच्या हातूनच निघावयाचा.

परंतु चौकशीही खात्यानेच केली तर काय होते? साक्षीदार आरोपीचे सोबती असतात, ठाण्याची दैनंदिनी त्यांच्याच हातची असते, आणि दोष सिद्ध झाला तर डाग वरिष्ठाच्याही नावास लागतो. ज्याचा निकालात स्वार्थ आहे, त्याने न्यायासनावर बसू नये, हा न्यायाचा पहिला नियम आहे. तो शेतकऱ्यास लागू आहे, व्यापाऱ्यास लागू आहे. मग पोलीस खात्यासच का नसावा?

११ जुलै १९९७ हा दिवस आपल्यापैकी कोण विसरेल? घाटकोपरच्या रमाबाई आंबेडकर नगरात बाबासाहेबांच्या पुतळ्याची विटंबना झाली. लोक रस्त्यावर आले, राज्य राखीव पोलीस दलाने गोळीबार केला आणि दहा माणसे प्राणास मुकली. तो गोळीबार समर्थनीय नव्हता, हे ठरविण्यास न्यायमूर्ती गुंडेवार यांचा चौकशी आयोग नेमावा लागला. गोळीबाराचा हुकूम देणाऱ्या अधिकाऱ्यास सत्र न्यायालयाने जन्मठेपेची शिक्षा सुनावली ती २००९ साली! या शिक्षेविरुद्ध पुढे अपीलही झाले. गोळी सुटण्यास क्षण पुरला. पहिल्या न्यायनिर्णयास बारा वर्षे लागली. अशा प्रसंगी ताबडतोब चौकशी करणारी कायमची स्वतंत्र यंत्रणा हवी, हाच याचा धडा आहे.

ही मागणी आज न्यायालयानेही मान्य केलेली आहे. प्रकाश सिंह या निवृत्त पोलीस महासंचालकांच्या अर्जावर २२ सप्टेंबर २००६ रोजी सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला. प्रत्येक राज्यात पोलीस तक्रार प्राधिकरण स्थापावे, त्याचा अध्यक्ष निवृत्त न्यायाधीश असावा, आणि त्याची शिफारस संबंधित अधिकाऱ्यावर बंधनकारक असावी, असा तो आदेश होता. कोठडीतील मृत्यू, गंभीर दुखापत व बलात्कार यांसारख्या तक्रारी त्याने ऐकावयाच्या आहेत. महाराष्ट्राने २०१४ साली कायद्यात दुरुस्ती करून अशा प्राधिकरणाची तरतूद केली.

येथे एक धोका आहे. बाहेरचे प्राधिकरण आले म्हणजे आपली जबाबदारी संपली, असे वरिष्ठ म्हणू लागतील. हे म्हणणे आपण मान्य करता कामा नये. प्राधिकरण सत्य शोधील. परंतु शिपाई रोज कसा वागतो, फिर्यादीस बसावयास सांगतो की हाकलून देतो, हे त्याच्या वरिष्ठानेच पाहिले पाहिजे. स्वतंत्र चौकशी म्हणजे वरिष्ठास दिलेली सुटी नव्हे. वरिष्ठाच्या कामाची ती परीक्षा आहे.

आता तुमचे कर्तव्य. फिर्याद नोंदविण्यास नकार मिळाला, तर फिर्यादीचा मजकूर लिहून टपालाने पोलीस अधीक्षकाकडे पाठवा. तेथेही दाद न लागल्यास दंडाधिकाऱ्याकडे जा. नोंदलेल्या फिर्यादीची प्रत विनामूल्य मिळणे हा तुमचा हक्क आहे. अटक झालेल्यास चोवीस तासांच्या आत, प्रवासाचा वेळ वगळून, दंडाधिकाऱ्यापुढे नेलेच पाहिजे. प्रत्येक ठाण्यात कॅमेरे असावेत असा सर्वोच्च न्यायालयाचा डिसेंबर २०२० चा आदेश आहे. ठाण्यात मारहाण झाली तर त्यातील चित्रण जतन करण्याची मागणी लेखी व तातडीने करा. अत्याचार प्रतिबंधक कायद्याखालील कर्तव्यात जाणूनबुजून कसूर करणारा अनुसूचित जाती-जमातींबाहेरचा लोकसेवक त्याच कायद्याच्या ४ थ्या कलमाने स्वतः गुन्हेगार ठरतो. पण त्यासाठीही आधी प्रशासकीय चौकशीची शिफारस लागते. म्हणून ती चौकशी मागण्यास चुकू नका.

तोंडी गाऱ्हाणे वाऱ्यावर जाते, कागद दप्तरात राहतो. तुमच्या घरात आज लिहिता-वाचता येणारी मुले-मुली आहेत. त्यांच्या लेखणीने तारीख, वेळ, अंमलदाराचे नाव व साक्षीदार लिहून घ्या आणि पोहोच मागा. ज्या ठाण्यात आपले आजोबा हात जोडून उभे राहिले, तेथे तुम्ही अर्ज हाती घेऊन, मान ताठ ठेवून उभे राहा. उत्तर देणे खात्याचे कर्तव्य आहे. उत्तर मागणे तुमचे.