काउंटरमागची उमेदवारी

(मुंबईतील हॉटेल-कामगारांच्या अभ्यासवर्गात केलेल्या भाषणाचा संपादित भाग)



आपल्यापैकी काही तरुणांनी मला परवा एक प्रश्न केला. बारमध्ये काम धरावयाचे आहे, अनुभव नाही, म्हणून मालक म्हणतो की आधी सहा महिने बिनपगारी शिका. तर काय करावे? मद्याविषयीची माझी मते आपणांस ठाऊक आहेत व ती बदललेली नाहीत. परंतु दारू वाईट, म्हणून ती ओतणाऱ्याच्या पगाराची चौकशीही करावयाची नाही, असे सोवळे आपल्यातील पुष्कळांनी पाळले. त्याचा लाभ मालकाखेरीज कोणालाच झाला नाही.

नवखा मनुष्य पहिल्या दिवशी पेग ओतीत नाही. तो ग्लास विसळतो, बर्फ भरतो, लिंबे चिरतो, रिकाम्या बाटल्या मोजतो. पुढे माप हाती येते. ७५० मिलिलिटरच्या बाटलीत ६० मिलिलिटरचे साडेबारा मोठे पेग बसतात. तेरा भरले तर गिऱ्हाईक नाडले गेले, बाराच भरले तर उरलेल्याचा जाब काउंटरवरच्या पोराला विचारला जातो. हे माप काही आठवड्यांत बसते. पाच टेबलांच्या मागण्या डोक्यात ठेवावयास त्याहून अधिक काळ लागतो. आणि ज्याला आता पुरे झाली आहे त्याला अपमान न करता थांबविणे, ही विद्या काहींना जन्मभर साधत नाही. माझ्या मते या धंद्यातील खरे कौशल्य तेच.

शिकावे लागते, हे मालकाचे म्हणणे म्हणून खोटे नाही. खोटे आहे ते पुढचे. विसळलेल्या ग्लासावाचून ज्याचा धंदा एक रात्रही चालणार नाही, त्याने विसळणाऱ्याला विद्यार्थी म्हणावे आणि गिऱ्हाइकाकडून मात्र पुरते बिल घ्यावे, हा कुठला न्याय? खरोखर उमेदवार ठेवावयाचा असेल तर १९६१ चा शिकाऊ उमेदवारांचा कायदा आहे. त्यात लेखी करार आहे, विद्यावेतन आहे. ते नको असेल, तर काम करणारा तो कामगार, आणि पहिल्या दिवसापासून किमान वेतनाचा हक्कदार.

ग्लास फुटला की पगार कापण्याची चाल तर सर्वत्र दिसते. कामगाराच्या हयगयीने नुकसान झाले असेल तरच, आणि त्याचे म्हणणे ऐकून घेतल्यावरच कपात करता येते, हा १९३६ च्या कायद्यातील दंडक २०१९ च्या वेतन संहितेतही कायम आहे. गर्दीत गिऱ्हाइकाच्या कोपराने उडालेल्या ग्लासाचे पैसे पोराने का भरावेत?

गंमत पाहा. महाराष्ट्रात बियर व वाइनसाठी २१ आणि व्हिस्की-रमसारख्या मद्यासाठी २५ वर्षे वयाची अट आहे. बावीस वर्षांचा तरुण जी व्हिस्की रात्रभर ओततो, ती चाखण्याचा त्याला कायद्याने अधिकार नाही. पण समोरच्याचे वय ओळखण्याची जबाबदारी त्याच्याच गळ्यात!

आता वेळेविषयी. मुंबईतील परमिट रूम रात्री दीडपर्यंत उघडी राहते. शेवटची लोकल त्याआधीच गेलेली असते. झाडलोट, गल्ल्याचा हिशेब होईतो दोन-अडीच वाजतात. मग विरार-कल्याणकडचा मुलगा पहाटेच्या पहिल्या गाडीपर्यंत टेबले जोडून त्यावर आडवा होतो. हे तास कोणाचे? हजेरीपुस्तकात ते नाहीत, आणि त्याच्या घरीही नाहीत. मुलींच्या बाबतीत हाच प्रश्न अधिक तीव्र होतो. दिल्लीत लागू असलेल्या १९१४ च्या पंजाब अबकारी कायद्याने स्त्रियांना अशा कामाची बंदीच केली होती. सर्वोच्च न्यायालयाने ती २००७ साली रद्द ठरविली. सुरक्षिततेच्या नावाखाली रोजगार काढून घेऊ नये, हे तत्त्व मला पूर्ण मान्य आहे. पण न्यायालयाच्या निकालाने रात्री अडीच वाजता घरी पोहोचविणारी गाडी येत नाही. ती मालकाकडून मागून घ्यावी लागते.

तेव्हा काम जरूर धरा. उचल मात्र घेऊ नका. उचलीत अडकलेला मनुष्य खाडा धरला तरी बोलत नाही. एक साधी वही करा. आत गेल्याची वेळ, बाहेर पडल्याची वेळ, हाती आलेला पगार, कापलेली रक्कम आणि कापण्याचे सांगितलेले कारण, एवढेच रोज लिहा. टिपचा हिशेब वेगळा ठेवा. टिप म्हणजे पगार नव्हे. पुढच्या महिन्यात आपण बसू तेव्हा भाषण नको. वह्या घेऊन या, त्याच वाचू.