पट्ट्याची तारीख

(संस्थेच्या रौप्य महोत्सवानिमित्त मोहर्ली येथे झालेल्या कौटुंबिक स्नेहमेळाव्यातील भाषण)



जेवणानंतर भाषण ठेवणं हा श्रोत्यांवर अन्याय आहे, हे मला कळतं. त्यात मी बँकेतला माणूस आणि विषय कागदांचा. पण चंद्रपूरला रोज जिन्यात भेटूनही आपण सगळे कधी एकत्र बसत नाही. आज मोहर्लीला एका मांडवाखाली सापडलात, तर थोडा वेळ घेतोच.

सकाळी सफारीला गेलेली मुलं सांगत होती की वेळ संपत आली तसा ड्रायव्हरनं गाडी वळवली. कितीही विनवण्या केल्या तरी थांबला नाही. बरोबरच आहे. परमिटला वेळ असते आणि त्या वेळेत गेटवर परत यावं लागतं. आपल्या इमारतीखालच्या जमिनीलाही अशीच वेळ आहे. ती तारीख 31 मार्च 2028.

नव्या पिढीला माहीत नसेल म्हणून सांगतो. फ्लॅट आपला आहे, पण जमीन शासनाची आहे. तिला नझूल म्हणतात. तिसरे रघुजी भोसले 1853 मध्ये वारले. पुढच्या वर्षी इंग्रजांनी नागपूरचं राज्य खालसा केलं आणि त्यात आपला चांदाही गेला. शहरांतल्या सरकारी जागा नझूल म्हणून नोंदल्या गेल्या आणि घरांसाठी पट्ट्यानं दिल्या गेल्या, बहुधा 30 वर्षांच्या मुदतीनं. इंग्रज गेले, मध्य प्रांत गेला, 1960 साली महाराष्ट्र झाला, तरी पट्टे चालूच राहिले. पुण्या-मुंबईच्या पाहुण्यांना नझूल हा शब्द समजावून सांगावा लागतो. विदर्भातल्या शहरांत मात्र तो घरोघरी ठाऊक आहे.

आपल्या भूखंडाच्या पट्ट्याचं नूतनीकरण 1998 साली मूळ पट्टेदाराच्या नावानं झालं. त्यांनी जागा बिल्डरला दिली, इमारत झाली आणि 2000 मध्ये संस्था नोंदली गेली. पहिल्या समितीत खजिनदार मी होतो. पट्ट्याची प्रत माझ्या हातात आली. मी तारीख वाचली आणि मनात म्हटलं, अजून 28 वर्षं आहेत, बघू. इतिवृत्तात एक ओळसुद्धा लिहिली नाही.

हे आज सगळ्यांसमोर कबूल करतो, कारण बँकेत मी याच कारणासाठी लोकांच्या फायली परत करत होतो. कर्ज 20 वर्षांचं आणि पट्टा उरला सहा वर्षांचा, असं तारण बँक कसं घेणार? एकदा एक गृहस्थ म्हणाले, "साहेब, घर तर उभं आहे ना?" मी म्हणालो, "घर उभं आहे, पण कागद आडवा पडलाय." तेव्हा मला ते उत्तर मोठं हुशारीचं वाटलं होतं.

दोन वर्षांपूर्वी आपल्याच एका सभासदाला घरातल्या आजारपणासाठी फ्लॅट विकावा लागला. गिऱ्हाईक ठरलं, इसार झाला, आणि गिऱ्हाइकाच्या बँकेनं पट्ट्याची उरलेली वर्षं मोजून कर्ज नाकारलं. शेवटी ज्याला कर्जाची गरज नव्हती, अशा माणसाला तो फ्लॅट पडत्या भावात गेला. नाव घेत नाही. ते कुटुंब आज या मांडवात नाही. त्यांचं नुकसान माझ्या त्या न लिहिलेल्या ओळीपासून सुरू झालं, असं मला वाटतं.

आता काहीजण म्हणतील, काकाजी, पट्टा संपला म्हणून सरकार उद्या घराबाहेर काढणार आहे का? नाही काढणार. पण कर्ज अडेल, विक्री अडेल, पुनर्विकास अडेल, आणि भूभाटकाची थकबाकी वाढत राहील. घरात राहता येईल, पण अडीनडीला घर कामी येणार नाही. आपल्यातल्या बऱ्याच जणांची आयुष्यभराची पुंजी तेवढीच आहे.

मार्ग दोन आहेत. पहिला, पट्ट्याचं नूतनीकरण. त्यात जमीन शासनाचीच राहते, भाडं आणि अटीही राहतात, आणि पुढच्या मुदतीला पुढच्या समितीनं हेच सगळं पुन्हा करायचं. दुसरा, एकदाच रक्कम भरून जमीन भोगवटादार वर्ग-1 करून घेणं, म्हणजे आपण ज्याला फ्री होल्ड म्हणतो ते. 2024 मध्ये शासनानं नागपूर आणि अमरावती विभागांतल्या नझूल जमिनींसाठी विशेष अभय योजना आणली. तीत निवासी भूखंडाला बाजारमूल्याच्या 2 टक्के दर ठेवला. आधी तो 5 टक्के होता.

हिशेब करून दाखवतो. आकडे समजण्यापुरते धरलेले आहेत. भूखंड 1,000 चौरस मीटर आणि रेडी रेकनरचा दर 5,000 रुपये धरला, तर किंमत झाली 50 लाख. त्याचे 2 टक्के म्हणजे 1 लाख. आपण 20 सभासद, म्हणजे घरटी 5,000 रुपये. थकबाकी किंवा शर्तभंग निघाला तर त्याचे पैसे वेगळे. मागच्या वर्षी जिन्याच्या रंगकामाला आपण याहून जास्त वर्गणी काढली होती! योजनांना मुदत असते, म्हणून आज लागू असलेला दर जिल्हाधिकारी कार्यालयातून लेखी घेऊनच पुढे जायचं.

खरी अडचण पैशाची नाही. आखीव पत्रिकेवर आजही मूळ पट्टेदाराचं नाव आहे. संस्थेचं नाव नाही, म्हणजे अर्ज करायला आपण कोण, हा पहिला प्रश्न येईल. त्यावर उपाय आहे. 1963 च्या मोफा कायद्यात 2008 साली दुरुस्ती झाली. पट्टेदार किंवा बिल्डर सही देत नसेल, तर जिल्हा उपनिबंधकांकडे मानीव अभिहस्तांतरणाचा अर्ज करता येतो. त्यासाठी प्रत्येक सभासदाचा नोंदणीकृत करारनामा आणि इंडेक्स दोन लागतो. समितीनं तीनदा मागूनही सात घरांचे कागद अजून आलेले नाहीत. कोणाचे, ते मी सांगणार नाही. ज्यांचे आहेत, ते आत्ता खाली बघताहेत.

शेजारच्या गडचिरोलीत मेंढा (लेखा) हे गोंडांचं लहानसं गाव आहे. वनहक्क कायदा 2006 चा, आणि 2009 मध्ये या गावानं सुमारे 1,800 हेक्टर जंगलाचा सामूहिक हक्क मिळवला. तिथे ग्रामसभा सर्वांच्या सहमतीनं निर्णय घेते. एवढ्या जंगलाचा कागद एक गाव एकत्र बसून मिळवतं, आणि आपल्याला 20 घरांचे करारनामे एका फाइलमध्ये आणता येत नाहीत?

म्हणून तीन विनंत्या करतो. चंद्रपूरला परतल्यावर आठ दिवसांत कागद सचिवांकडे द्या. पुढच्या सर्वसाधारण सभेत या एकाच विषयाचा ठराव करा. आणि समितीत दोन तरुण घ्या, कारण भूमी अभिलेख कार्यालयाचे जिने आता माझ्या गुडघ्यांना झेपत नाहीत. फाइल कशी लावायची, चलन कुठे भरायचं, ते मी घरी बसून शिकवीन. चहा माझ्याकडे.

सुवर्ण महोत्सवाला मी बहुधा नसेन. पण त्या स्मरणिकेत आखीव पत्रिकेची प्रत छापा, आणि तिच्यावर आपल्या संस्थेचं नाव असू द्या. 2000 साली जी ओळ मी लिहायला हवी होती, ती या वर्षीच्या इतिवृत्तात तुम्ही लिहा.

जय हिंद, जय महाराष्ट्र.