हृदयाला जागा कमी पडते तेव्हा

१० सप्टेंबर १८९८. जिनिव्हाच्या सरोवराकाठी ऑस्ट्रियाची सम्राज्ञी एलिझाबेथ बोटीकडे निघाली होती. लुइजी लुकेनी या अराजकवाद्यानं टोकदार केलेली कानस तिच्या छातीत खुपसली. ती पडली, उठली आणि चालत बोटीवर चढली. बोट सुटल्यावर मात्र ती कोसळली आणि त्याच दुपारी वारली. शवविच्छेदनात डाव्या जवनिकेला, म्हणजे हृदयाच्या खालच्या डाव्या कप्प्याला, भोक पडलेलं आढळलं. जखम अरुंद होती, रक्त थोडं थोडं झिरपत हृदयाभोवती साठत गेलं. म्हणून तर तिला चालता आलं.

हृदयाभोवती पेरिकार्डियम नावाची चिवट पिशवी असते. तीत एरवी १५ ते ५० मिलिलिटर द्रव असतो. ही पिशवी झटकन ताणली जात नाही. एकाएकी दीडदोनशे मिलिलिटर रक्त आत आलं, तरी पातळ भिंतींचे उजवे कप्पे आधी दबू लागतात. हृदय आकुंचन पावतं, पण दोन ठोक्यांमध्ये फुलत नाही. जे भरलंच नाही ते शरीराला देणार काय? डॉक्टर याला टॅम्पोनेड म्हणतात. तोच द्रव महिनोन्‌महिने साचत गेला, तर पिशवी सैलावते आणि लिटरभरही सामावून घेते. म्हणजे किती साचलं, याहून किती वेगानं साचलं हे महत्त्वाचं.

सावकाश पाणी साचण्याच्या कारणांत भारतात क्षयरोग ठळक आहे. फुप्फुसाचा किंवा स्तनाचा कर्करोग, निकामी मूत्रपिंडं, थायरॉइडची कमतरता, ल्युपससारखे आजार हीसुद्धा कारणं. वेगानं रक्त भरतं ते अपघातात, हृदयविकाराच्या झटक्यानंतर भिंत फाटल्यास किंवा महाधमनीचा आतला थर चिरल्यास. इंग्लंडचा राजा दुसरा जॉर्ज १७६० साली अचानक वारला, तेव्हा राजवैद्य फ्रँक निकोल्स यांना त्याच्या हृदयावरणात गोठलेलं रक्त सापडलं होतं. महाधमनीलाही चीर होती.

दाब पिशवीबाहेरूनही येतो. डाव्या कर्णिकेच्या, म्हणजे वरच्या डाव्या कप्प्याच्या, अगदी मागून अन्ननलिका जाते. जठराचा मोठा भाग छातीत सरकला, म्हणजे मोठा हायटस हर्निया झाला, की ही कर्णिका दबू शकते. महाधमनीचा फुगवटा किंवा छातीतली गाठही तेच करते. छातीचं हाड जन्मतः आत दबलेलं असेल, तर उजव्या जवनिकेला जागा अपुरी पडते.

हृदयशस्त्रक्रियेनंतरचा प्रसंग सर्वांत फसवा. रक्ताची गुठळी एकाच कप्प्यामागे अडकते, रक्तदाब उतरतो. पण १९३५ साली क्लॉड बेक यांनी सांगितलेली घसरता रक्तदाब, फुगलेल्या मानेच्या शिरा आणि क्षीण ठोके ही तिन्ही लक्षणं एकत्र दिसतीलच असं नाही. छातीवरून केलेल्या इकोतही गुठळी निसटू शकते. मग अन्ननलिकेतून इको किंवा सीटी स्कॅन करावा लागतो.

निदान चुकलं तर उपायच घातक ठरतो. धाप आणि सूज पाहून लघवी वाढवणारं औषध दिलं, तर आधीच अपुरं भरणारं हृदय आणखी रिकामं राहतं. साचलेलं पाणी सुईनं काढता येतं. महाधमनी चिरली असेल, तर शस्त्रक्रियेची तयारी लागते. हर्नियावर सुईचा उपयोग नाही. काढलेलं पाणी मात्र प्रयोगशाळेत गेलंच पाहिजे: त्यातून क्षयरोग निघाला, तर साधारण सहा महिन्यांचे औषधोपचार सुरू करता येतात.