शाळकरी मुलं आणि परमुलूख



संयोजकांनी मला विषय दिला आहे तो शाळकरी मुलांना घेऊन परदेशात, त्यातही वेस्ट इंडीजच्या बाजूला, जाऊन राहण्याचा. असा विषय निघाला की पासपोर्ट, विमान, नवी शाळा हे सगळं डोळ्यांपुढे येतं. मधूनच आलेल्या मुलाला कोणत्या वर्गात बसवायचं, त्याला तिथली भाषा कशी कळणार, परत आल्यावर इथल्या शाळेत ते कसं रुळणार, हे प्रश्न आईबापांना पडतात आणि ते खरेच आहेत. पण मी शहापुरात उभा राहून बोलतो आहे. शहापूर आणि मुरबाड तालुक्यांतल्या शेकडो घरांना हेच प्रश्न दर वर्षी दिवाळीनंतर पडतात. त्यांचा परमुलूख म्हणजे भिवंडी, कल्याण, वसईकडची वीटभट्टी. आज मी दोन्ही मुलखांविषयी बोलणार आहे, कारण लांबच्या मुलखात जे घडून गेलं, ते आपल्या उंबऱ्यावर अजून घडतं आहे.

आधी लांबचं. 30 मे 1845 रोजी ‘फतेल रझाक’ नावाचं जहाज हिंदुस्थानातले मजूर घेऊन त्रिनिदादला लागलं. शेजारच्या ब्रिटिश गयानात असे मजूर 1838 सालीच उतरले होते. गुलामगिरी कायद्याने संपली होती आणि उसाच्या मळ्यांना हात हवे होते. पाच वर्षांचा करार, मळ्यावरची लांबलचक बराक आणि परवान्याशिवाय बाहेर पडायला बंदी, अशी ती नोकरी. 1917 पर्यंत एकट्या त्रिनिदादला सुमारे 1 लाख 44 हजार माणसं गेली. बहुतेक आजच्या उत्तर प्रदेश-बिहारकडची. आपली कोकणातली माणसं गेली ती मुख्यतः मॉरिशसला, आणि तिथल्या शाळांत आजही मराठी शिकवली जाते, ही अभिमानाने सांगण्यासारखी गोष्ट आहे.

या मजुरांबरोबर मुलं होती. काही आईच्या कडेवर गेली, काही मळ्यावरच जन्मली. करार मोठ्यांनी केला होता, पण मूल जरा मोठं झालं की तेही गवत काढायला, खत टाकायला मळ्यात जाई. त्रिनिदादमध्ये सरकारी शाळा होत्या, पण मळ्यावरची पोरं तिथे क्वचितच पोचत. 1868 साली जॉन मॉर्टन हा कॅनडाचा मिशनरी तिथे आला. त्याने हिंदी शिकून घेतली, शाळा मळ्यांच्या जवळ नेली आणि मुलांना त्यांच्या भाषेतून शिकवायला सुरुवात केली. त्यामागे धर्मप्रसाराचा हेतू होता, तो झाकून ठेवायचं कारण नाही. पण मजुराचं मूल शाळेपर्यंत येत नसेल तर शाळेनेच चालत गेलं पाहिजे, हे त्याला उमजलं होतं, आणि तेवढ्यापुरता मी त्याला मोठा मानतो.

ब्रिटिश गयानाची गोष्ट मला जास्त बोचते. तिथे 1876 मध्येच सक्तीच्या शिक्षणाचा कायदा झाला होता. पण कायद्याने मुलं वर्गात बसली असती तर मळ्याचं काम कोणी केलं असतं? अंमलबजावणी ढिली राहिली. पुढे 1904 मध्ये गव्हर्नर स्वेटनहॅमने एक परिपत्रक काढलं. भारतीय आईबापांनी मुलींना शाळेत घातलं नाही, तर त्यांच्यावर कारवाई करू नये, अशी ती सवलत. त्यांच्या रीतिरिवाजांचा मान राखतो आहोत, असं त्याचं समर्थन होतं. हे परिपत्रक रद्द झालं 1933 साली. जवळजवळ तीस वर्षं एका कागदाने मुलींच्या पिढ्या शाळेबाहेर ठेवल्या. ‘त्यांच्यात शिकण्याची पद्धतच नाही’ हे वाक्य मी आपल्याकडेही ऐकलेलं आहे, कातकरी वाडीविषयी, आणि ते बोलणारी माणसं शिकलेली होती.

त्याच गयानात पोर्ट मोरंट नावाचा एक मळा होता. 1901 साली दोन बाया आपापली लहान मुलं घेऊन बस्ती जिल्ह्यातून निघाल्या. ती मुलं मोठी होऊन एकमेकांची नवरा-बायको झाली, आणि 1918 मध्ये पोर्ट मोरंटला त्यांच्या पोटी छेदी जगन जन्मला. बाप लहानपणीच ऊस तोडायला गेला होता, त्याची शाळा सुटली होती. त्याने हट्टाने थोरल्याला राजधानीतल्या शाळेत धाडलं. मुलगा अमेरिकेत जाऊन दंतवैद्य झाला, परतला, मजुरांचा पुढारी झाला आणि 1992 मध्ये गयानाचा राष्ट्राध्यक्ष झाला. रोहन कन्हाय हा फलंदाजही त्याच पोर्ट मोरंटचा. आपल्या सुनील गावसकरांनी मुलाचं नाव रोहन ठेवलं ते या कन्हायवरून. या कहाण्या ऐकायला बऱ्या वाटतात. पण एका जगनमागे शाळेचं तोंड न पाहिलेली किती मुलं त्या मळ्यात विरून गेली, त्यांची नावं कुठे लिहिलेली नाहीत. एका बापाच्या हट्टावर मुलांचं शिक्षण सोडून द्यायचं नसतं.

आता आपल्याकडे या. किन्हवली, डोळखांब, कसारा, टोकावडे, धसई या भागातला डोंगर आपण रोज पाहतो. तानसा, वैतरणा, भातसा ही मुंबईला पाणी पाजणारी धरणं इथल्याच डोंगरांतली आहेत, आणि उन्हाळ्यात टँकरची वाट पाहणारे पाडेही इथेच आहेत. पावसावरचं एक भाताचं पीक. ज्यांना जमीन नाही त्यांना तेही नाही. कातकरी माणूस पूर्वी खैराचा कात काढून जगत होता. जंगलावर कायद्याचा पहारा बसला आणि तो धंदा गेला, मग कोळशाची भट्टी आली, मग विटांची. भात झोडून झालं की मुकादम येतो आणि बयाणा देतो. तो गणपतीत, आजारपणात, लग्नात केलेल्या उधारीत आधीच खर्चून झालेला असतो. मग फेडायला जोडीने निघायचं. जोडी म्हणजे नवरा-बायको. मजुरी हजार विटांवर, आठवड्याला खर्ची, हिशेब हंगामाच्या शेवटी. वेठबिगारी 1976 च्या कायद्याने बंद झाली, पण हिशेबाच्या वहीत अजून किती घरं अडकलेली आहेत, हे भट्टीवर गेल्याशिवाय कळत नाही.

जोडीबरोबर मुलं जातात. गावात त्यांना कोण सांभाळणार? कच्च्या विटांचा आणि पेंढ्याचा भोंगा, म्हणजे खोपटं, उभा राहतो, आत वाकून जावं लागतं. अंधार असतानाच विटा थापायला सुरुवात होते. आठ-नऊ वर्षांची पोरगी धाकट्याला सांभाळते, पाणी भरते, वाळायला घातलेल्या विटा उलटवते. म्हशाची जत्रा भरते तेव्हा ती भट्टीवर असते, सहामाहीनंतरचं पुस्तक उघडतं तेव्हाही ती भट्टीवर असते. आपलं दुसरं सत्र आणि भट्टीचा हंगाम एकाच वेळी सुरू होतो, आणि परीक्षा होऊन गेल्यावर ती माणसं घरी परततात. आज आपण वैशाखात इथे बसलो आहोत, याच दिवसांत ती परतत असतात. मी शिक्षक होतो. डिसेंबरच्या हजेरीपटावर सलग गैरहजेरीच्या खुणा करताना शाईला काही वाटत नाही, पण शिक्षकाला वाटलं पाहिजे.

यावर आपल्याच जिल्ह्यात उत्तर शोधलं गेलेलं आहे. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी बोर्डी-कोसबाडला, तेव्हाच्या ठाणे जिल्ह्यात, आदिवासी मुलांसाठी अंगणवाडीबरोबर कुरणशाळा चालवली. गुरं राखणारं मूल शाळेत येत नाही ना, मग शाळा कुरणावर. पुढे नव्वदच्या दशकात विवेक आणि विद्युल्लता पंडित यांच्या विधायक संसदेने वीटभट्ट्यांवर भोंगाशाळा सुरू केल्या. भट्टीवरच्या भोंग्यासारखाच एक भोंगा, त्यात फळा आणि गावाकडचा, मुलांची बोली समजणारा शिक्षक. बोलीचा मुद्दा मी आवर्जून सांगतो. कातकरी मूल घरी जे बोलतं ते पहिलीच्या पुस्तकात नसतं. त्याला आपल्या शाळेतच परमुलखात आल्यासारखं वाटतं, मग भिवंडीच्या शाळेत काय वाटेल?

कायदाही आता आहे. 1 एप्रिल 2010 पासून शिक्षण हक्क कायदा लागू आहे. कोणतंही मूल वर्षात कधीही येवो, त्याला वयानुसार वर्गात घ्यायचं. दाखला नाही म्हणून अडवायचं नाही. स्थलांतरित मुलांसाठी शिक्षण हमी पत्रकही आहे, मूल काय शिकलं आणि कुठे निघालं ते त्यावर लिहून पुढच्या शाळेने उचलायचं. व्यवस्था चांगली आहे. अडतं ते दोन ठिकाणी. निघताना पत्रक दिलं जात नाही, कारण कुटुंब रातोरात टेम्पोत बसून गेलेलं असतं. आणि भट्टीजवळची शाळा मुलाला शोधायला बाहेर पडत नाही, कारण ते मूल तिच्या पटावर नसतं. दोन शाळांच्या मधल्या रस्त्यावर मूल हरवतं.

काही जण म्हणतात, मुलांना गावातच आश्रमशाळेत, हंगामी वसतिगृहात ठेवा. जिथे आजी-आजोबा आहेत, मुलं मोठी आहेत, तिथे ते जरूर करावं. पण सहा वर्षांच्या पोराला आईपासून सहा महिने तोडायचं आणि त्याला शिक्षण म्हणायचं, हे मला पटत नाही. अमेरिकेत जाणाऱ्या आईला आपण पोर इथे ठेवून जा असं म्हणत नाही. तिला आपण तिकडच्या शाळेची माहिती काढून देतो. भट्टीवर जाणाऱ्या आईला तोच मान द्या.

आणि जाणं कमी करायचं असेल तर रोजगार हमीचं काम भात निघाल्याबरोबर सुरू झालं पाहिजे. महाराष्ट्राने 1977 मध्ये रोजगार हमीचा कायदा देशाच्या आधी केला. भात निघतं नोव्हेंबरात. काम जानेवारीत निघालं तर तोवर बयाणा घेऊन माणूस भट्टीवर पोचलेला असतो.

इथे मुख्याध्यापक बसलेले आहेत, सरपंच आहेत, पालक आहेत. माझं मागणं ऐका. 15 जूनला शाळा उघडेल तेव्हा प्रत्येक वाडीतल्या मुलांना विचारा, कुठल्या भट्टीवर होतात, गाव कोणतं, शेठ कोण, तिथे शाळेत गेलात का. ते वहीत लिहा. नवरात्रात त्या वहीवरून यादी काढा आणि हमी पत्रकं मुकादम येण्याआधी तयार ठेवा, आईच्या हातात द्या, तिला वाचून दाखवा. यादीची एक प्रत भिवंडी-कल्याणच्या केंद्रप्रमुखांना पाठवा आणि दिवाळीच्या सुट्टीनंतर त्यांना फोन करून विचारा, आमची मुलं पोचली का? पोचली नसतील तर भट्टीचा पत्ता तुमच्या वहीत आहे, तो त्यांना द्या.