पार्टेड विचारत बसत नाही

आजचा एपिसोड छोटा आहे, आणि विषय थोडा लाजिरवाणा. मी ताईच्या लग्नाचे सगळे फोटो उडवले होते. म्हणजे, तसं वाटलं होतं.

झालं असं, की ताईच्या सासरी फोटो द्यायचे होते. फोटो एक टीबीच्या हार्ड डिस्कवर. 32 जीबीचा एक पेनड्राइव्ह होता, पण त्याच्यावर मी कधीतरी लिनक्सचा इन्स्टॉलर टाकलेला. म्हटलं, आधी त्याची जुनी पार्टिशन काढू, मग फोटो कॉपी करू. दोन्ही लॅपटॉपला लावले. माझ्याकडे पेनड्राइव्ह नेहमी एसडीबी म्हणूनच येतो. त्या दिवशी हार्ड डिस्क आधी लावली होती, त्यामुळे एसडीबी झाली ती, आणि पेनड्राइव्ह झाला एसडीसी. ही नावं जोडण्याच्या क्रमाने मिळतात, कायमची नसतात. माहीत होतं हो मला. तरी बघितलं नाही.

दुसरी चूक सवयीची. कॉलेजपासून मी एफडिस्क वापरतो. त्यात तुम्ही काहीही खोडा, डब्ल्यू दाबेपर्यंत सगळं मेमरीतच असतं. क्यू दाबलं की काही झालंच नाही. त्या दिवशी पार्टेड उघडलं. आरएम एक टाइप केलं, एंटर. मग प्रिंट केलं तर साइज दिसते 1000 जीबी! पोटात गोळाच आला. पटकन क्विट केलं, पण पार्टेडमध्ये एंटर दाबला तेव्हाच ते डिस्कवर लिहून झालेलं असतं. पार्टिशन माउंट असती तर त्याने एकदा अडवलं तरी असतं. ती माउंटही नव्हती.

बाहेरून आई विचारतेय, "झाले का रे फोटो?" मी म्हटलं, "होतायत."

आता खरी गोष्ट ऐका. पार्टिशन टेबल म्हणजे डिस्कचा सातबारा. जुन्या एमबीआर पद्धतीत पहिल्या 512 बाइटच्या सेक्टरमध्ये फक्त 64 बाइट त्यासाठी असतात. चार नोंदी, प्रत्येकी 16 बाइट. कुठून सुरू, किती लांब, कुठला प्रकार, एवढंच. सातबाऱ्यावरची नोंद खोडली म्हणून शेतातला ऊस गायब होत नाही! फोटो जागेवरच होते. फक्त शेत कुठून सुरू होतं ते कोणाला सांगता येत नव्हतं.

ते मला येत होतं. ती पार्टिशन मीच एफडिस्कने केली होती, सगळे डीफॉल्ट ठेवून. म्हणजे सुरुवात सेक्टर 2048, शेवट डिस्कच्या टोकाला. मग एफडिस्क उघडलं, एन दाबलं, तेच आकडे दिले. तेव्हा ते विचारतं, इथे एक्स्ट-फोरची सिग्नेचर सापडली, काढून टाकू का? मंडळी, इथे नो म्हणायचं! आणि खरं तर हा प्रश्न वाचून माझा जीव भांड्यात पडला, कारण सिग्नेचर सापडली म्हणजे सुरुवात बरोबर होती. डब्ल्यू दाबलं, आधी रीड-ओन्ली माउंट केलं. हळदीचा पहिला फोटो उघडला.

आकडे आठवत नसते तर टेस्टडिस्क चालवावं लागलं असतं, ते डिस्कभर फिरून हरवलेल्या पार्टिशन शोधतं. आणि घाबरून एमकेएफएस चालवलं असतं तर मात्र कठीण होतं. ते शेतच नांगरतं. एसएसडीवर तर आणखी वाईट, तिथे ते आधी ब्लॉक रिकामे झाल्याचं डिस्कला कळवून टाकतं.

जीपीटीमध्ये टेबलची दुसरी प्रत डिस्कच्या शेवटी असते, पण तुम्ही टूलने पार्टिशन खोडली की ते टूल दोन्ही प्रती बदलतं. त्यामुळे त्या भरवशावर राहू नका. मी आता काय करतो, तर आधी एलएसबीएलकेने साइज आणि मॉडेल बघतो. मग एसएफडिस्क, डॅश डी, डिस्कचं नाव, आणि आउटपुट एका फाइलमध्ये. काही ओळींची साधी टेक्स्ट फाइल होते. तीच एसएफडिस्कला परत दिली की टेबल जसंच्या तसं. फक्त फाइल त्याच डिस्कवर ठेवू नका, प्लीज. मी एकदा तेही केलंय.

ताईला हे अजून माहीत नाही. ती हा पॉडकास्ट ऐकत नाही, म्हणून बोलतोय.